अकोटच्या जिनमधलं भूत

भूत व्हायला कोणी तयार होईना. आमच्या सिनेमाची बाकीची जुळवाजुळव झाली होती. कॅमेरा आला होता, जागा मिळाली होती, गुप्तहेर ठरला होता आणि दिग्दर्शक म्हणून मी स्वतःची नेमणूक स्वतःच करून टाकली होती. अडलं होतं ते फक्त भुतावाचून.

ही गोष्ट साठ सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. मी तेव्हा अमरावतीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवत होतो. वय सत्तावीस. शहरातल्या एका साप्ताहिकात माझ्या चार रहस्यकथा छापून आल्या होत्या आणि त्या चार कथांच्या जोरावर मी रस्त्यानं चालताना मान किंचित तिरकी ठेवू लागलो होतो. विचारमग्न माणसं तशी चालतात असा माझा समज होता. आईला वाटलं मान अवघडली असेल. तिनं दोन दिवस तेल चोळून दिलं.

त्यातली एक कथा अकोटच्या एका जिनवाल्या मालकानं बसस्टँडवर गाडीची वाट बघत वाचली. आमचा कापूस वडिलांच्या काळापासून सरकी काढायला त्यांच्याच जिनमध्ये, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, जायचा, त्यामुळे ओळख होती. मालक यंत्राचे सुटे भाग आणायला मुंबईला गेले आणि येताना चावीचा सिनेमा-कॅमेरा आणि पडद्यावर दाखवायचं यंत्र घेऊन आले. सुटे भाग विसरले. त्यांचं कार्ड आलं: मास्तर, रविवारी या, आपण भुताचा सिनेमा काढू.

मी त्या कार्डाची वाटच बघत होतो असं मला वाटलं. खरं म्हणजे तोवर मी कॅमेरा जवळून पाहिलासुद्धा नव्हता.

कथा मी एका बैठकीत लिहिली. उन्हाळ्यात बंद असलेल्या जिनमध्ये पांढऱ्या साडीतली एक बाई फिरते, तिला पाहून चौकीदार बेशुद्ध पडतो आणि अमरावतीहून गुप्तहेर येतो. तो भुताचा माग काढतो आणि शेवटी भूत सरकीच्या ढिगात नाहीसं होतं. नाव ठेवलं 'सरकीतली सावली'. मालकांना नाव आवडलं, कारण त्यात सरकी होती.

गुप्तहेराचं काम आमच्या शाळेच्या ड्रिल मास्तरांना दिलं. उंचापुरा, मिशीवाला माणूस. एकच अडचण होती. आयुष्यभर कवायत शिकवल्यामुळे त्यांना साधं चालता येत नसे. संशयानं दबकत चाला असं सांगितलं की ते दबकायचे, पण डावा पाय, उजवा पाय असं मोजूनच. मागे वळून बघा म्हटलं की टाच आपटून पूर्ण वळायचे. कॅमेरा चालवायला अकोल्याहून एक फोटोग्राफर आले होते. मितभाषी, कामाशी काम ठेवणारे. फिल्म मोजकी होती म्हणून चावी देण्याआधी ते दर वेळी मला एकच विचारत: "नक्की ना?" मी दर वेळी नक्की म्हणे. एकदाही नक्की नव्हतं.

आता भूत. अकोल्याच्या नाटकमंडळीतल्या एका बाईंना विचारलं, त्यांनी अंगावरचं मूल पुढे केलं. स्त्रीभूमिका करणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितलं की राणी करीन, दासी करीन, पण मेलेली बाई करणार नाही, घरी आई म्हातारी आहे. शेवटी मालक म्हणाले की मास्तर, तुमी बारीक आहा, तुमालेच नेसवू साडी. मी कलेसाठी तेही कबूल केलं. बंद जिनच्या आवारात, भर दुपारी, लुंगीचा पदर करून मी भुताच्या चालीचा सराव केला. भुताची नजर वर असते असं मी ठरवलं होतं, त्यामुळे खालचा खिळा दिसला नाही. तो चपलेतून आरपार गेला.

मला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला एक नर्स होती. पंचविशीतली, सावळी, हात चटचट चालणारे. खिळा कसा लागला हे तिनं विचारलं आणि मी दिग्दर्शकाला शोभेल अशा गंभीर आवाजात सगळं सांगितलं. ती हसली नाही. सुई काढून कापसाचा बोळा दाबत म्हणाली, "आमच्या घरानं छप्पन सालीच भूत-प्रेत, देवदेवस्की सगळं सोडलं, सर. मले भुताचं भेव नाई. म्हून मी भूत होईन."

मी म्हटलं, घरचे काय म्हणतील? ती म्हणाली की आईला विचारीन, पण आईनं त्याच जिनमध्ये पंधरा वर्षं रेच्यावर कापूस टाकला आहे, तिथेच आपली मुलगी सिनेमात दिसणार म्हटल्यावर ती नाही म्हणणार नाही. रेचा म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. त्यावर बायकाच बसत.

शूटिंग मे महिन्यात झालं. रात्रीची दृश्यं रात्री घेणं शक्य नव्हतं, कारण दिवे नव्हते. फोटोग्राफरनी सांगितलं की कॅमेऱ्यापुढे लाल काच लावली की दुपारचं आभाळ पडद्यावर काळं येतं. त्यामुळे आमची सगळी रात्र अकोटच्या उन्हात पार पडली. मी त्यासाठी खास रुंद काठाची सोला हॅट विकत घेतली होती. अख्ख्या अकोटात तशी हॅट दुसऱ्या कोणाकडे नव्हती आणि ती माझ्या डोक्यावर किती वाईट दिसते हे सांगायचं धाडसही कोणाकडे नव्हतं.

नर्सनं पहिल्याच दिवशी मला अडचणीत आणलं. साडी नेसून, केस मोकळे सोडून ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ही बाई कावून फिरते?"

मी म्हटलं, भूत आहे म्हणून फिरते.

"भूत असलं तरी काई कारण असंन ना. उगाच कोन उन्हात फिरते?"

मी तिला रहस्यकथेचं शास्त्र समजावून सांगितलं. कारण सांगितलं की भीती कमी होते वगैरे. ती ऐकून घेत होती. आज मला माहीत आहे की मला कारण सुचलं नव्हतं, म्हणून मी शास्त्र सांगत होतो.

मग मी तिला दाराकडून सरकीच्या ढिगापर्यंत सावकाश चालत जायला सांगितलं. फोटोग्राफरनी चावी दिली. ती चालू लागली, चांगली चालली, पण अर्ध्या वाटेत वळली आणि दाराशी मुकादमाच्या खुर्चीजवळ पाण्याचा माठ होता त्याच्याकडे गेली. झाकण काढलं, आत गडवा बुडवला आणि उभ्या उभ्या घटाघटा पाणी प्यायली. मग गडवा जागेवर ठेवून ढिगाकडे गेली. कॅमेऱ्याची चावी तेव्हाच संपली.

मी वैतागलो. भूत पाणी पीत नाही असं मी तिला सांगितलं. फिल्म वाया गेली असंही सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "तिले तहान लागली असंन, सर. म्हून फिरत असंन थे."

मी पुन्हा शॉट लावला. ती पुन्हा माठाकडे गेली. फोटोग्राफर माझ्याकडे बघून म्हणाले की हेच चांगलं दिसतंय, राहू द्या. मालक तिथेच खाटेवर बसले होते. म्हातारा मुकादम मात्र उठून बाहेर गेला.

संध्याकाळी साडी परत देताना तिनं मला सांगितलं. त्या माठाला तिच्या आईनं पंधरा वर्षांत हात लावला नव्हता. बायका ओंजळ धरून उभ्या राहायच्या आणि मुकादमाला वेळ झाला की तो वरून पाणी ओतायचा. त्याला वेळ झाला नाही तर तशाच कामाला बसायच्या. हे सगळं तिनं पट्टी कशी बदलायची हे सांगावं तशा आवाजात सांगितलं. मी चार रहस्यकथा लिहिल्या होत्या. गुन्हा कुठे असतो हे शोधण्यात मी पटाईत आहे असं साप्ताहिकाच्या संपादकांनी छापलं होतं. लहानपणापासून वडिलांबरोबर त्या जिनमध्ये जात होतो आणि त्या माठातलं पाणी मी स्वतः बुडवून प्यालो होतो. ओंजळी मला दिसल्या नव्हत्या.

मी म्हटलं, शॉट राहू देतो. एवढंच.

फिल्म धुऊन आली ती पावसाळ्यात. फोटोग्राफरनी अकोल्याला आपल्या स्टुडिओत बसून ती जोडली. मी एकदा जाऊन छोट्याशा भिंगातून पाहून आलो. चित्रं नखाएवढी दिसत होती आणि मी पूर्ण वेळ आपले संवाद मनात म्हणत होतो, त्यामुळे पाहिलं असं म्हणता येणार नाही.

दसऱ्याच्या आधी खेळ ठरला. मालकांचं रुईचं गोदाम बिनखिडकीचं होतं, दार लावलं की भर दुपारी अंधार. तिथे पांढरं धोतर ताणून पडदा केला. जिनवरची सगळी माणसं, बायका, त्यांची पोरं, मालकांचे नातेवाईक, दवाखान्यातले लोक असे दोन-अडीचशे जण बसले. सिनेमा मुका होता. मी पडद्यामागे पेटी वाजवणाऱ्या एका गृहस्थांसह बसून सगळ्यांचे संवाद वाचणार होतो. गुप्तहेराचा आवाज, चौकीदाराचा आवाज आणि भुताचं हसूसुद्धा माझंच.

सुरुवातीपासून लोक हसत होते. मी पडद्याच्या मागून ऐकत होतो. गुप्तहेर आला, हसले. चौकीदार बेशुद्ध पडला, हसले. भूत आलं तेव्हा पोरांनी शिट्ट्या घातल्या, कारण सगळ्यांनी नर्सला ओळखलं होतं. माझं भुताचं हसू सुरू झालं तेव्हा इतका गलका झाला की मला ते आटोपतं घ्यावं लागलं. मग भूत माठाशी गेलं, आणि बायकांच्या बाजूनं एक वेगळाच आवाज आला. हसणं नव्हे, कुजबुज नव्हे. पन्नासेक बायकांनी एकदम श्वास आत ओढावा तसा. मग पुन्हा हसणं सुरू झालं.

माझे कान गरम झाले होते. आता गुप्तहेर गोदामाच्या भिंतीवरच्या खुणा तपासतो ते दृश्य आलं. इथे माझा सगळ्यात लांब संवाद होता, मानवी मनाच्या अंधाराबद्दल. मी कागदात डोकं घालून वाचायला सुरुवात केली आणि गोदाम एकदम चिडीचूप झालं. कोणी खोकेना. एक पोर रडायला लागलं, त्याला कोणीतरी गप्प केलं.

मला भरून आलं. शेवटी माझ्या शब्दांनी लोकांना जिंकलं असं मला वाटलं. मी आणखी सावकाश वाचू लागलो. एका ठिकाणी तर मी थांबलो आणि शांतता चाखली.

खेळ संपल्यावर बाहेर आलो तर लोक माझ्याकडे बघून बाजूला होत होते. मालकांचा चेहरा उतरला होता. त्यांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं की मास्तर, भिंतीवर थे कोन होतं? मी म्हटलं, गुप्तहेर. ते म्हणाले, गुप्तहेराच्या मागे. चपट्या डोक्याचं. हात वर करून उभं होतं थे.

मला काहीच कळलं नाही. पण आजूबाजूला पाच-पंचवीस लोक कान देऊन उभे होते, आणि ज्याअर्थी ते घाबरले होते त्याअर्थी श्रेय माझंच असणार असा मी हिशोब केला. मी मान तिरकी केली, थोडं हसलो आणि म्हणालो, "काही गोष्टी सांगायच्या नसतात."

माझ्या आयुष्यातलं याहून महाग पडलेलं वाक्य मला आठवत नाही.

खरं काय ते अकोल्याला परत जाताना गाडीत फोटोग्राफरनी सांगितलं. संध्याकाळच्या उन्हात, गोदामाच्या पश्चिमेकडच्या भिंतीपाशी आम्ही ते दृश्य घेतलं होतं. ड्रिल मास्तर भरभर चालत होते म्हणून मी कॅमेऱ्याशेजारी उभा राहून हात वर करून त्यांना सावकाश, सावकाश असं खुणावत होतो. माझी सावली हॅटसकट भिंतीवर पडली होती. मी त्यांना विचारलं की हे तुम्हाला दिसलं तर सांगितलं का नाही. ते म्हणाले, "सिनेमाचं नाव सावली होतं. मला वाटलं, तुमचीच कल्पना."

दिवाळीनंतर कापूस येऊ लागला आणि मालकांचं दुसरं कार्ड आलं. बायका त्या भिंतीलगतच्या, माठाशेजारच्या दारानं आत जायला तयार नव्हत्या. सिनेमावाल्या मास्तरनं सांगितलं आहे की भिंतीवर जे दिसलं त्याचं नाव घ्यायचं नसतं, असं त्या म्हणत होत्या. कापसानं भरलेल्या बैलबंड्या फाटकाबाहेर उभ्या होत्या. मी यावं आणि ती सावली माझी आहे हे सगळ्यांपुढे दाखवावं, असं मालकांनी लिहिलं होतं.

मी गेलो. सोबत हॅट घेतली. मनातून मला हा प्रसंगही थोडा आवडला होता, हे कबूल करतो. अज्ञानाचा अंधार दूर करण्यावर एक छोटं भाषण मी गाडीत तयार केलं.

पाच वाजता सगळी माणसं भिंतीसमोर जमली. पुढे बायका. दवाखान्यातून नर्सही आली होती, तिच्या आईला घेऊन. मी भाषण केलं. मग हॅट घातली, मे महिन्यात उभा होतो त्याच दगडावर जाऊन उभा राहिलो आणि हात वर केला.

भिंतीवर काहीही उमटलं नाही.

मी हात हलवला. दोन्ही हात वर केले. हॅट काढली, पुन्हा घातली. भिंत जशीच्या तशी. उन्हाळ्यात सूर्य पश्चिमेला थोडा उत्तरेकडून उतरायचा, तो हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकतो आणि पाचच्या सुमारास बॉयलरच्या इमारतीमागे जातो, हे मला त्या वेळी सुचलं नाही. हे सहावीच्या भूगोलात आहे आणि एकदा भूगोलाच्या मास्तरांच्या रजेत मीच तो धडा शिकवला होता. सबंध आवार सावलीत होतं. मी मात्र वेगवेगळ्या कोनांतून हात नाचवत होतो.

बायका दोन पावलं मागे सरकल्या. एक म्हातारी हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाप्पा, मास्तरची तं सावलीच पडत नाई."

त्यानंतर जी शांतता झाली ती मी ओळखत होतो. गोदामातही हीच होती.

तेवढ्यात नर्स हसायला लागली. आधी तोंडावर पदर धरून, मग मोकळी. तिची आई हसली. नर्स पुढे आली आणि बायकांना म्हणाली, "बायांनो, थ्या सिनेमात भूत मी होती. मले इचारा. दुसरं कोनी नोतं तिथं. हे सर होते, हात हलवत. आता हलवून राह्यले तसेच."

एका तरुण बाईनं विचारलं, "सिस्टर, एक सांगा. माठातलं पानी तुमी खरंच पेल्या का वो?"

"हाव. दोनदा."

"मंग काई झालं नाई?"

"काय होईन? पानीच होतं. थंड होतं."

त्या बाईनं मालकांकडे पाहिलं. मालकांनी माठाकडे पाहिलं. मुकादम खुर्चीतून उठला, पण या खेपेला बाहेर गेला नाही, नुसता बाजूला झाला. ती बाई दाराशी गेली, गडवा बुडवला आणि प्यायली. तिच्यामागून नर्सची आई गेली. मग एकेक करत बाकीच्या. पाणी पिऊन प्रत्येक बाई त्याच दारानं आत जात होती, आणि थोड्या वेळानं रेचे सुरू झाल्याचा आवाज आला. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी अजून दगडावरच उभा होतो.

हा बदल मी घडवला असं पुढे बरीच वर्षं मला सांगता आलं असतं, आणि एक-दोनदा सांगितलंही. पण खरी गोष्ट ही आहे की तो माठ त्या हंगामात तिथे राहिला आणि पुढच्या हंगामात मुकादमानं आपल्यासाठी वेगळी सुरई आणली. सगळं एका संध्याकाळी होत नाही. नर्स पुढच्या शिक्षणासाठी नागपूरला गेली. जाताना मला भेटली नाही आणि भेटण्याचं काही कारणही नव्हतं.

मी मान सरळ ठेवून चालू लागलो. रहस्यकथा बंद केल्या. संपादकांनी चौकशीचं पत्रही पाठवलं नाही.

दोन-तीन वर्षांनी अचलपूरला एका लग्नाला गेलो होतो. वधूपक्ष अकोटच्या मालकांच्या नात्यातला निघाला. संध्याकाळी मांडवात पोरांना गुंतवून ठेवायला त्यांनी सिनेमाचं यंत्र लावलं आणि आमचाच सिनेमा सुरू झाला. आता त्याला ना पेटी होती, ना माझा आवाज. ड्रिल मास्तर टाच आपटून वळले आणि मांडव हसून लोळला. मीही हसलो. खरोखरच हसण्यासारखं होतं ते, आणि मी पहिल्यांदाच ते समोरून बघत होतो.

शेजारी लुगड्याच्या दुकानाचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं की हा कोणी काढला असेल हो. मी म्हटलं की अमरावतीचे कोणी मास्तर होते म्हणतात. ते म्हणाले, "पानी पेते थे बाई भारी आहे. बाकी मास्तरले काई जमलं नाई."

मी म्हटलं, बरोबर आहे. तेवढ्यात पंगत बसल्याची हाक आली आणि आम्ही दोघं उठून जेवायला गेलो.